बाही घट्ट झाली म्हणून जिम सोडलेल्या ताईंची केस

मी सांगलीत फक्त बायकांची स्ट्रेंथ ट्रेनिंगची बॅच घेते. सकाळी सहाला एक आणि दुपारी चारला एक, जागा छोटीच आहे, दोन रॅक, तीन बार, डंबेल्स आणि एका भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा. नऊ वर्षं झाली आता. या नऊ वर्षांत ज्या एका केसमुळे माझी शिकवायची पद्धत सगळ्यात जास्त बदलली ती इथे सविस्तर लिहितेय. ताईंना विचारूनच लिहितेय, त्यांनी आधी वाचून दोन गोष्टी काढायला सांगितल्या त्या काढल्यात, नाव अर्थातच लिहिणार नाही.

ताई आल्या तेव्हा

जून 2024 चा शेवटचा आठवडा. वय 44, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीवर बसून काम, दोन मुलं, दुसरं सिझर. उंची 156 सेंमी आणि वजन 68 किलो म्हणजे बीएमआय 28 च्या आसपास, आपल्याकडे 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात त्या हिशोबाने वरच. कंबर 94 सेंमी, भारतीय बायकांना 80 ची मर्यादा सांगतात. शुगर बॉर्डरवर, बीपी ठीक, जिना चढताना डावा गुडघा दुखायचा.

हे सगळं फॉर्मवर लिहून घेतलं आणि शेवटचा प्रश्न विचारला, ताई तुम्ही कशासाठी आलात. त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही, शुगरचंही नाही. ओढणी बाजूला केली, उजवा हात आडवा धरला आणि डाव्या हाताच्या चिमटीत दंडाखालचं मांस धरून हलवून दाखवलं. म्हणाल्या, "मॅडम, डिसेंबरमध्ये पुतण्याचं लग्न आहे, तोपर्यंत हे घालवायचंय. फोटोत हेच दिसतं फक्त." चिमूट सोडल्यावर तिथे दोन बोटांची लाल खूण राहिली होती, एवढ्या जोरात धरलं होतं. ते मला दिसलं पण मी त्याचा काही विचार केला नाही तेव्हा.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे व्यायामानं एकाच जागची चरबी निवडून कमी करता येत नाही, दंडाचा व्यायाम केला म्हणून दंडाचीच चरबी जाते असं होत नाही, शरीर कुठून आधी काढायची ते आपलं आपण ठरवतं. हे मी नीट सांगितलं आणि त्यांना पटलंही. दुसरी गोष्ट त्यांनीच विचारली, वजनं उचलून हात पुरुषासारखे तर नाही ना होणार. त्यावर मी जे गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले तेच सांगितलं, की अजिबात नाही, बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी हार्मोन, पुरुषांच्या तुलनेत दहा-पंधरा पटीने कमी असतं, त्यामुळे तुमचे हात मोठे होणारच नाहीत, उलट बारीक आणि टाइट होतील, एकदम निर्धास्त राहा.

हे वाक्य माझ्या ओळखीतले सगळे ट्रेनर बोलतात, मीसुद्धा हजार वेळा बोलले असेन. या केसमध्ये नंतर जे काही बिघडलं त्याचं मूळ तिथेच आहे असं मला आज वाटतं.

पहिले दहा आठवडे

सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, नंतर तीन. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला हात टेकून पुश-अप, पाच पाच किलोची डंबेल्स घेऊन कमरेतून वाकणं आणि बेंचवर हात टेकून डंबेल रो, म्हणजे डंबेल खालून कमरेकडे ओढणं. पाच किलोचं डंबेल हातात देताना ताई म्हणाल्या हे जड होईल हो मला. मी विचारलं घरात सिलेंडर संपला तर कोण बदलतं, तर म्हणाल्या मीच, ह्यांची पाठ धरते ना. आता घरगुती सिलेंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो आणि रिकामी टाकी साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त, म्हणजे भरलेला सिलेंडर तीस किलोच्या आसपास जातो, आणि ताई तो दारापासून ओट्याखालपर्यंत कडेवर तिरका फिरवत नेत होत्या वर्षानुवर्षं. दर आठवड्याला दहा किलोचं दळण स्कूटीवरून आणायच्या. बायकांना वजन उचलायची सवय नसते असं आपण म्हणतो ते खरं नाहीच, सवय असते फक्त ते वजन कोणी मोजत नाही आणि कसं उचलायचं ते कोणी शिकवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट कळली जी फॉर्मवर नव्हती. वॉर्म-अपला मी दोरीच्या उड्या घ्यायचे तेव्हा ताई बरोब्बर पाणी प्यायला जायच्या. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी बाजूला घेऊन हळूच विचारलं की उडी मारताना लघवीचे थेंब जातात का, तर डोळे भरले त्यांचे. दुसऱ्या बाळंतपणापासून, म्हणजे अकरा वर्षं, शिंकलं खोकलं हसलं तरी होत होतं, म्हणून कायम काळा लेगिंग आणि लांब कुर्ता. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. याला काही लाजायचं कारण नाही, बाळंतपणानंतर खूप जणींना होतं, ओटीपोटाच्या खालचे स्नायू सैल पडलेले असतात आणि त्याचे व्यायाम असतात. मी उड्या बंद केल्या, त्यांना बायकांच्या या त्रासावर काम करणाऱ्या फिजिओकडे पाठवलं, आणि आमच्याकडे वजन उचलताना श्वास कोंडून धरायच्या ऐवजी वर येताना सोडायचा हे पक्कं केलं. तीन महिन्यांत बराच फरक पडला. हे मुद्दाम लिहितेय कारण शरीराची लाज म्हटलं की सगळ्यांना पोट आणि मांड्या आठवतात, पण कितीतरी बायका व्यायामाला येत नाहीत त्याचं कारण हे असतं आणि ते फॉर्मवर कोणी लिहीत नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. एका आठवड्याची वही लिहायला सांगितली, त्यात दिवसाचं प्रोटीन 35 ग्रॅमच्या आसपास निघालं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या आकड्याने किलोमागे 0.83 ग्रॅम धरलं तरी 56 ग्रॅम होतं आणि वजनं उचलणाऱ्या बाईला त्याहून थोडं जास्तच हवं. सोमवार आणि चतुर्थीचा उपास, उपासाला साबुदाणा, म्हणजे त्या दिवशी तर काहीच नाही. उपास सोडा असं मी कुणालाच सांगत नाही, तो त्यांचा विषय आहे. उपासाला दही, दूध, पनीर आणि मूठभर शेंगदाणे, बाकी दिवशी दोन अंडी, मटकीची उसळ वाटीऐवजी वाडगाभर, आणि आठवड्यातून तीनदा सोयाबीनच्या वड्या, एवढ्यावर 65-70 पर्यंत गेलं.

दहाव्या आठवड्यात ताई 35 किलोचा डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलून सरळ उभं राहणं, पाच रेप्स म्हणजे सलग पाच वेळा करत होत्या. सुरुवातीला ताकद एवढी भराभर वाढते त्याचं कारण स्नायू वाढले हे नसतं, मेंदू आणि नसा असलेला स्नायू नीट वापरायला शिकतात. गुडघा जिना चढताना दुखायचा जवळपास थांबला. वजन मात्र 68 वरून 67.4, म्हणजे काहीच नाही म्हटलं तरी चालेल. मी खूश होते. ताई प्रत्येक सोमवारी काट्यावर उभ्या राहायच्या आणि उतरताना काही बोलायच्या नाहीत, मला वाटायचं स्वभावच गप्प आहे.

ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिक चालू होतं. मीराबाई चानूची स्पर्धा 7 तारखेला रात्री उशिरा झाली, 49 किलो गटात, दोन प्रकारांत 88 आणि 111 मिळून 199 किलो उचललं आणि एका किलोनं मेडल हुकलं, चौथी आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला कोणाचाच पाय हलेना, सगळ्या मोबाईलवर तेच बघत होत्या. मी त्यांना टोकियोचं सांगितलं, 115 किलो डोक्यावर आणि सिल्व्हर, आणि त्याच्या आधी 2000 साली सिडनीत कर्णम मल्लेश्वरी, ब्राँझ, ऑलिम्पिक मेडल मिळवणारी पहिली भारतीय बाई, आणि बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिम्पिकमध्ये आलंच मुळी त्या वर्षी. आपल्या सांगलीचाच संकेत सरगर 2022 ला कॉमनवेल्थमध्ये सिल्व्हर घेऊन आला, त्यामुळे इथे वेटलिफ्टिंग म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सगळ्या कौतुक करत होत्या. ताईंनी मीराबाईचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि मोबाईल परत देताना म्हणाल्या, "किती ताकद आहे पोरीत. पण मला नाही तसं दिसायचं हं मॅडम." मी म्हटलं तुम्ही नाहीच दिसणार ओ ताई, आणि पुढचा सेट लावला.

गौरीचा ब्लाउज

गौरीच्या आदल्या आठवड्यात ताईंनी कपाटातून गेल्या वर्षीचा ब्लाउज काढला, हिरवा, काठाची बाही, मागच्या गौरीला शिवलेला. बाही कोपरापासून चार बोटांवर येऊन अडकली. सणाच्या दिवशी तशीच ओढून चढवली पण हात वर करून गौरीला हार घालायला गेल्या आणि मुंढ्यापाशी दोन टाके उसवले. हळदीकुंकवाला घर भरलेलं, आणि नणंदेनं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, पैलवान झालात की तुम्ही!" बायका हसल्या. वाईट हेतू नव्हता असं ताई स्वतःच मला नंतर म्हणाल्या, पण त्या दिवसापासून त्या जिमला यायच्या बंद झाल्या.

मी मेसेज केले, उत्तर यायचं पाहुणे आहेत, मग बँकेत ऑडिट आहे, मग सर्दी झालीय. तीन आठवडे गेले. शेवटी मी फोन करून म्हटलं ताई जिमला येऊ नका, बाहेर चहाला भेटू.

तो चहा दीड तास चालला. त्यांनी पर्समधून एक छोटी डायरी काढली, त्यात जुलैपासून रोज सकाळ-संध्याकाळ दंडाचं माप लिहिलेलं, टेलरच्या टेपनं, इंचात. सव्वाबारा, बारा, साडेबारा, सव्वाबारा, पानंच्या पानं. शिवाय पेटीकोटची नाडी सोडल्यावर कमरेला जी खूण राहते ती किती खोल आहे हे रोज बोटानं तपासायच्या. आरशासमोर ती चिमूट तर रोजचीच. आणि शेवटच्या पानावर, गौरीच्या दुसऱ्या दिवशीचं, पेन दाबून लिहिलेलं, 12.5 आणि खाली दोन रेघा.

मग म्हणाल्या, "तुम्ही मला म्हणाला होतात होणार नाही."

यावर द्यायला माझ्याकडे उत्तरं होती, आणि ती सगळी खरी होती. टेप रोज त्याच जागी बसत नाही, तेवढ्यानं पाव इंच इकडेतिकडे होतं. व्यायामाच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी स्नायू दुखतो तेव्हा सुजलेलाही असतो. स्नायूंमध्ये जो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतो तो आपल्याबरोबर तिपटीनं पाणी धरून ठेवतो. पाळीच्या आधी अंगावर पाणी धरतं. टेरिकॉटचं अस्तर धुतल्यावर आटतं का माहीत नाही पण सुती आटतं. हे सगळं मी बोलायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले, कारण डायरीतले जुलैचे आणि सप्टेंबरचे आकडे बघून मला दिसत होतं की थोडा का होईना स्नायू खरोखर वाढलाय. आणि वाढणारच ना, त्यासाठीच तर दहा आठवडे रो आणि पुश-अप करून घेतले. बाईचा दंड पुरुषाइतका वाढत नाही हे खरं, पण अजिबात वाढत नाही हे खरं नाही, आणि ब्लाउजच्या बाहीला एक सेंटीमीटर पुरतो. आपल्या ब्लाउजसारखं दंडाला चिकटून बसणारं कापड दुसरं कुठलं नाही, कुर्त्यात टी-शर्टमध्ये तेवढं कळलंसुद्धा नसतं.

आणि त्याहून मोठी चूक वेगळीच होती. जेव्हा मी त्यांना म्हटलं की घाबरू नका, तुमचे हात मोठे होणार नाहीत, तेव्हा मी त्यांना हेही सांगून टाकलं की मोठे हात होणं ही घाबरण्यासारखी गोष्ट आहे, तुमची भीती बरोबर आहे, फक्त ते तुमच्या बाबतीत घडणार नाही. मग ते घडलं. मग त्या बाईनं काय करायचं? माझ्याच शब्दानं तिच्या भीतीला दुजोरा दिलेला आणि वर मी खोटी पण ठरले. मराठीत दंड थोपटून उभं राहतात म्हणतो आपण, लेझीम, तालीम, आखाडा सगळं आपल्याकडे आहे, आणि तोच दंड बाईचा असला की झाकायची वस्तू, बारीक तर बारीक नाहीतर बाही लांब करा, आणि या सगळ्यात मी ट्रेनर म्हणून त्याच बाजूला उभी होते हे मला त्या चहाच्या टेबलावर कळलं.

मी त्यांना सरळ सॉरी म्हटलं. म्हटलं ताई, मी चुकीचं सांगितलं होतं, हात थोडा वाढतो, तुमचा वाढलाय, आणखीही थोडा वाढेल, आणि 35 किलो त्याच हातांनी धरलंत. आता हे जाणून यायचं का नाही ते तुम्ही ठरवा, नाही आलात तरी गुडघ्याचे व्यायाम घरी करण्यासाठी लिहून देते.

त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. बराच वेळ कपाकडे बघत बसल्या आणि मग आईविषयी बोलायला लागल्या. आई मिरजेजवळच्या गावात, दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण त्यानंतर स्वतःची स्वतः उठू शकत नाही, वय फक्त 67. सिमेंटच्या ओट्यावर पाण्यानं भरलेली घागर एका झटक्यात ठेवणारी बाई आता संडासला जायला सुनेला हाक मारते. "मला तसं नाही व्हायचं," म्हणाल्या. आणि फॉर्मवर कशासाठी आलात या प्रश्नाचं खरं उत्तर मला साडेतीन महिन्यांनी मिळालं.

मग आम्ही काय बदललं

वजनकाटा बंद. फोटो बंद, म्हणजे ते आधीचा-नंतरचा शेजारी शेजारी लावतात तसले. माप घ्यायचं तर महिन्यातून एकदा, फक्त कंबर, ती पण मी घेणार आणि शुगरच्या कारणासाठी. टेप आणि डायरी मी मागून घेतली नाही, त्यांनीच दुसऱ्या आठवड्यात आणून दिली, पण म्हणाल्या घरात दुसरी टेप आहे हं, म्हणजे मोजणं एकदम सुटलं नव्हतं.

त्या ऐवजी वही. तारीख, व्यायाम, किलो, रेप्स, आणि शेवटी एक ओळ, या आठवड्यात घरात किंवा बाहेर असं काय केलं जे आधी जड जायचं. पहिल्या वहीतल्या काही ओळी, परवानगीने: "पाण्याचा 20 चा जार एकटीने चढवला." "शेजारच्या काकूंचा सिलेंडर लावून दिला." "बँकेत लिफ्ट बंद होती, तीन मजले, थांबले नाही." "आईला उचलून खुर्चीत बसवलं, पाठ दुखली नाही." ही शेवटची ओळ वाचली तेव्हा मी बॅच चालू असताना दोन मिनिटं बाहेर जाऊन उभी राहिले.

आरसा. आमच्या दोन्ही रॅकची तोंडं आरशाकडे होती, कारण सगळीकडे तशीच असतात. नीट आठवलं तर ताई कायम खांबाच्या मागची जागा धरायच्या जिथून आरसा दिसत नाही. मी एक रॅक उलटा फिरवला, खिडकीकडे. उचलायची पद्धत बघायला आरसा लागतोच असं काही नाही, मी आहे ना बघायला. नवल म्हणजे त्या उलट्या रॅकसाठी आता नंबर लागतात, चार-पाच जणींनी मला येऊन सांगितलं की इकडे बरं वाटतं. इतकी वर्षं मला कोणी बोललं नव्हतं.

आणि हाडांसाठी वजन का उचलायचं हे मी त्यांना पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. हाडावर भार आला की हाड स्वतःला दाट करत जातं, आणि पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी व्हायला लागलं की हाड भराभर विरळ होतं, म्हणून चाळिशीतली ही वर्षं महत्त्वाची. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास 2018 मध्ये छापून आलाय, त्यात 58 वर्षांच्या पुढच्या, हाडं आधीच विरळ झालेल्या शंभर एक बायका होत्या. निम्म्यांनी आठवड्यातून फक्त दोनदा अर्धा तास, पण जड, डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर वजन ढकलणं आणि बारला लटकून खाली उडी, सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, पाच पाच रेप्सचे पाच सेट. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याच्या आसपास कमी झाली. एक दोन किलोच्या गुलाबी डंबेल्सनी हे होत नाही, आणि आपण बायकांना नेमकी तीच हातात देतो. ताईंनी त्यांच्या डॉक्टरना आईचं सांगून हाडांचा डेक्सा स्कॅन करून घेतला, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे 1.3 आला. उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये म्हणजे हाड विरळ व्हायला सुरुवात झालीय पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, नाही. तो रिपोर्ट त्यांनी वहीच्या पहिल्या पानाला चिकटवला.

परत आल्यावर डेडलिफ्ट 30 किलोपासून सुरू केलं, दिवाळीच्या आठवड्यात 45 झाले, डिसेंबरच्या सुरुवातीला 52.5.

लग्न

इथे बऱ्याच जणींना वाटेल की आता ताईंनी बिनबाह्यांचा ब्लाउज घालून लग्न गाजवलं. तसं झालं नाही. त्यांनी पैठणीवर कोपरापर्यंतच्या बाहीचा ब्लाउज शिवला. मी काही बोलले नाही, त्यांनीच सांगितलं की मॅडम मला दंड उघडे टाकून दिवसभर त्याचाच विचार करत बसायचं नव्हतं, मला लग्न एन्जॉय करायचं होतं. मला हे उत्तर फार आवडलं. शरीरावर प्रेम करा, बिनधास्त दाखवा असं सांगणं हा पण बायकांवर आणखी एक गृहपाठ होतो, काल बारीक व्हा म्हणत होते आज आवडून घ्या म्हणतात, दोन्हीकडे बघणं शरीराकडेच.

एक गोष्ट मात्र झाली. लग्नासाठी सासूबाईंनी त्यांच्या सासूची वाकी काढली, जुनी, जड सोन्याची, तुरळक मोती. लग्न होऊन आल्यापासून ताईंनी ती दोनदाच घातली होती आणि दोन्ही वेळा आतून दोरा गुंडाळावा लागला होता कारण घरंगळून कोपरावर यायची. या वेळी बाहीवरून घातली आणि ती बसली. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूचा दंड होता हा असा. पहाटे चारला जात्यावर बसायची, पायलीभर दळून मग उजाडायचं." त्या आजींना कोणी पैलवान म्हणालं नसेल, आणि वाकी मुळात त्यांच्याच मापाची घडवलेली. ताईंनी मला हे दुसऱ्या दिवशी व्हॉइस मेसेजवर सांगितलं, मागे सनईची रेकॉर्ड चालू होती, आणि शेवटी म्हणाल्या फोटो मी अजून बघितले नाहीत, बघेन सावकाश.

नणंद पण भेटली. ती आता चारच्या बॅचला येते, तिची कंबर दुखते.

आता कुठे आहोत

मार्च 2025 ची नोंद: डेडलिफ्ट 60 किलो तीन रेप्स, म्हणजे दोन भरलेले सिलेंडर. वजन 65.4, कंबर 88, अजून 80 च्या वरच आहे, शुगर नॉर्मलमध्ये आली. दंड किती ते मी मोजलेला नाही. त्यांनी मोजला का विचारलं तर म्हणाल्या महिन्यातून एखाद्या वेळी हात जातो टेपकडे, विशेषतः कुठे जायचं असलं की आदल्या रात्री. चिमूट काढायची सवय पूर्ण गेलेली नाही. मधे फेब्रुवारीत एक आठवडा फारच वाईट गेला, ऑफिसच्या ग्रुप फोटोमुळे, आणि त्या आठवड्यात जेवण पण अर्ध्यावर आलं. तेव्हा मी त्यांना म्हटलं की हे माझ्या हातातलं नाही, एखाद्या समुपदेशकाशी बोलूया का. त्या चार वेळा जाऊन आल्या, आता महिन्यातून एकदा जातात. ट्रेनरनं हे ओळखावं असं मला वाटतं, खाणं तुटतंय, मापं दिवसातून अनेकदा होतायत, त्या भीतीनं बाहेर जाणं टळतंय, तर पुढचा सेट लावून ते सुटणार नाही, योग्य माणसाकडे पाठवायलाच पाहिजे. माझ्याकडे तशा दोघी आधी येऊन गेल्यात आणि मी त्यांना फक्त जास्त घाम गाळायला लावलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

माझ्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढलेत. उडी मारताना, खोकताना लघवी जाते का, हो किंवा नाही, आणि तुमच्या घरात वय झालेल्या बायका कशा चालतात-फिरतात. पुरुषासारखी दिसेन का असं नवीन कोणी विचारलं की मी आता सांगते, दंड थोडा भरेल, खांदे थोडे रुंद दिसतील, जुन्या ब्लाउजची शिलाई उसवून आतला दाब सोडावा लागेल कदाचित, आणि जेवढं हवं तेवढ्यावर आपण थांबू शकतो. काही जणी हे ऐकून दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आधीपेक्षा थोड्या जास्तच जणी येत नाहीत, खरं सांगायचं तर. पण ज्या राहतात त्या गौरी-गणपतीनंतर गायब होत नाहीत.

ताईंच्या टेलरकडे परवा मी पण गेले होते माझ्या कामाला. त्या गुढीपाडव्याचा ब्लाउज टाकत होत्या. टेलरबाईंनी दंडाला टेप लावली, तेरा म्हणाल्या, ताईंनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आकडा संपेपर्यंत तिकडेच बघत राहिल्या, आणि मग म्हणाल्या की बाहीला आत एक इंच दाब ठेवा. पुढचा स्कॅन दोन वर्षांनी करायचा असं डॉक्टर म्हणालेत. तोपर्यंत मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा, खिडकीकडच्या रॅकवर.